पादचाऱ्याला हमी कोण देणार?

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची कथा बहुतेक पुणेकरांना तोंडपाठ आहे. 1970 नंतरच्या दशकात महानगरपालिकेने हा रस्ता मुंबईच्या 'रेकॉन्डो' या कंपनीकडून बांधून घेतला आणि दहा वर्षे रस्त्यावर खड्डा पडणार नाही अशी हमी त्या कंपनीने दिली. 1976 सालापासून वापरात आलेल्या या रस्त्याने ती हमी पाळली, इतकेच नव्हे तर मुदत संपल्यावरही तो कित्येक पावसाळे ताठ मानेने उभा राहिला. शहरात कोठेही नव्या डांबराची चाळण झाली की आजही वडीलधारी माणसे जंगली महाराज रस्त्याचा दाखला देतात आणि नव्या कंत्राटदारांच्या नावाने एक सुस्कारा सोडतात.

ही जुनी कथा आम्ही आज आरंभीच सांगितली, ती डांबराचे कौतुक करण्यासाठी नव्हे. ती हमी चाकांना दिलेली होती, हे वाचकांच्या ध्यानी आणून द्यावे एवढाच आमचा हेतू आहे. त्याच रस्त्याच्या कडेला संभाजी उद्यान आहे. त्या उद्यानात येणारा माणूस, मग तो कोणत्याही वाहनाने येवो, अखेरची काही पावले तरी पायी चालतच येतो. त्या पावलांना आजवर कोणी कसली हमी दिली आहे काय? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. आणि ते तसे का आहे, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

संभाजी उद्यानाचा परिसर हा पायी हिंडण्यासाठीच जणू निर्माण झालेला आहे. मागे मुठा नदी, शेजारी 1968 साली उभे राहिलेले बालगंधर्व रंगमंदिर आणि त्याच रस्त्यावर थोडे पुढे जंगली महाराजांचे मंदिर व आठव्या शतकातील पाताळेश्वराची लेणी. इतिहास, कला, भक्ती आणि हिरवळ ही चारही स्थळे एका रस्त्यावर, एका संध्याकाळच्या फेरफटक्यात गाठता येतील इतकी जवळ असणे, हे भाग्य फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते. दिवाळीत या उद्यानात मुलांच्या किल्ल्यांची स्पर्धा भरते. आजोबांचे बोट धरून राजगड आणि प्रतापगड पाहावयास आलेली मुले हे पुण्याच्या दिवाळीचे एक रम्य दृश्य आहे. त्यात 1 ऑगस्ट 2023 पासून छत्रपती संभाजी उद्यान या नावाचे मेट्रोचे स्थानकही सुरू झाले. मावळ्याच्या पगडीच्या आकाराचे छप्पर असलेल्या या स्थानकातून उतरलेला प्रत्येक प्रवासी त्या क्षणी पादचारी होतो. म्हणजे या परिसरात पायी चालणाऱ्यांची संख्या वाढणार, हे शासनाने स्वतःच कोट्यवधी रुपये खर्चून निश्चित केले आहे.

महानगरपालिकेने याबाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2016 साली तिने पादचारी धोरण संमत केले आणि शहरातील रस्त्यांची रचना कशी असावी याची मार्गदर्शक तत्त्वेही त्याच सुमारास स्वीकारली. त्यानंतर टप्प्याटप्प्याने जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद करण्यात आले. जुन्या झाडांची सावली राखून बसावयास बाके आली, मुलांना खेळावयास साधने आली, सायकलींसाठी वेगळी वाट आखली गेली आणि वाहने उभी करण्याच्या जागा निश्चित झाल्या. रस्ता म्हणजे केवळ वाहने जाण्याची नळी नव्हे, तर ती नागरिकांच्या बैठकीचीही जागा आहे, हा विचार या शहराने प्रथमच दगडमातीत उतरवून दाखविला. बाहेरगावचे लोक हे काम पाहावयास येऊ लागले. आम्हांसही त्याचा अभिमान वाटला, आणि तो आम्ही आजही नाकारीत नाही.

परंतु बांधणे आणि राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बांधण्याला भूमिपूजन असते, कोनशिला असते, फीत असते आणि छायाचित्रही असते. राखण्याला यांपैकी काहीच नसते. परिणाम असा झाला की, पदपथ रुंद झाला आणि त्या रुंदीचा पहिला लाभ पादचाऱ्याऐवजी दुचाकीस्वाराने घेतला. वाहतूक तुंबली की तो सरळ पदपथावर चढतो आणि समोरून येणाऱ्या वृद्धाला वर भोंगा वाजवून बाजूस होण्याची आज्ञा करतो. दुकानाची पाटी रात्री आत जावयाची ती बाहेरच राहते. केबल टाकण्यासाठी खोदलेला चर बुजविला जातो, पण उखडलेली फरशी पूर्ववत बसत नाही. मुलांसाठी ठेवलेल्या खेळाच्या साधनांना टेकून मोटारसायकली उभ्या राहतात. यांपैकी एकेक गोष्ट क्षुल्लक आहे. पण त्या सर्व मिळून एका संध्याकाळी एकत्र आल्या की, उद्यानाकडे निघालेल्या आजीला पदपथ सोडून रस्त्यावर उतरण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

शाळेत आपण मुलांना शिकवितो की, रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे पाहावे, मग डावीकडे पाहावे आणि मगच पाऊल टाकावे. हा धडा पिढ्यान् पिढ्या घोकून घेतला जात आहे. परंतु पदपथावरून चालत असता पाठीमागून दुचाकी आली तर काय करावे, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात सांगितलेले नाही. कारण असे घडेल ही कल्पनाच पुस्तककर्त्यांना शिवली नव्हती. जो धडा मुलाने पाळावयाचा तो मोठ्यांनीच निरर्थक करून टाकावा, यापरते शिक्षणाचे विडंबन कोणते?

यावर काही मंडळी एक सोपा उपाय सुचवितात. पदपथाच्या तोंडाशी खांब रोवावेत, म्हणजे दुचाकी वर येणार नाही. उपाय सोपा खरा, पण पुरेसा नाही. चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या अपंग नागरिकाला दोन खांबांमधून जावयाचे तर सुमारे 90 सेंटिमीटरची फट लागते. स्कूटरचे हँडल तर सुमारे 70 सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे खुर्ची आत येईल अशी फट ठेवली की स्कूटरही येणार, आणि स्कूटर अडविली की खुर्चीही अडणार. दगडाला माणूस ओळखता येत नाही. अपंग कोण आणि उद्दाम कोण, हे ओळखणारा डोळा पोलिसाचाच असावा लागतो, आणि त्या डोळ्यामागे दंडाची पावती असावी लागते. आपल्याकडे रचनेने जे साधते ते करून झाले. व्यवस्थेने जे साधावयाचे ते मात्र राहून गेले, हे या खांबांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

आपल्याजवळ ज्ञानाची वाण आहे असेही नाही. 1927 साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ताविकासाचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था जन्मास आली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, म्हणजे या संस्थेचे आणि आपल्या शहराचे एक प्रकारे नातेच आहे. या संस्थेने 1988 साली पादचाऱ्यांच्या सोयींसंबंधी नियम घालून दिले आणि 2012 साली ते सुधारून घेतले. पदपथावर किमान 1.8 मीटर रुंदीची आणि 2.2 मीटर उंचीची जागा सर्वस्वी मोकळी असावी, पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे ते नियम सांगतात. 1.8 मीटर म्हणजे दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जातील एवढी जागा. 150 मिलिमीटर म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला काठीच्या आधाराने चढता येईल एवढी पायरी. या आकड्यांमागे माणसाच्या शरीराचा विचार आहे. नियम लिहिणाऱ्यांनी आपले काम चोख केले आहे. ते वाचणाऱ्यांनी फूटपट्टी घेऊन बाहेर पडावयाचे तेवढे बाकी आहे.

पदपथाहून बिकट प्रश्न आहे तो रस्ता ओलांडण्याचा. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता हे एकदिशा आहेत. एकदिशा रस्त्याने वाहतूक सुरळीत होते हे खरे. पण समोरून कोणी येण्याचे भय नसल्यामुळे वाहनांचा वेगही वाढतो. रहदारीचे दिवे बसविताना सर्वसाधारण माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असे धरतात. त्या हिशेबाने दहा मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास त्याला आठनऊ सेकंद पुरतात. पण सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाची, किंवा कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेल्या मातेची चाल याहून बरीच मंद असते. तिला बारा-तेरा सेकंद लागले, तर अखेरचे चार सेकंद ती कोणाच्या कृपेवर रस्त्यात उभी असते? उद्यानात येणाऱ्यांत म्हातारे आणि मुले यांचाच भरणा अधिक असतो. तेव्हा उद्यानासमोरचा दिवा त्यांच्या चालीने चालला पाहिजे, आणि तेथील ओलांडण्याची जागा पदपथाच्या उंचीला आणून बसविली पाहिजे. असे केले म्हणजे पादचाऱ्याला रस्त्यावर उतरावे लागत नाही. वाहनालाच चढावे लागते आणि चढण्यासाठी वेग कमी करावा लागतो. जेथे माणसे आणि वाहने एकत्र येतात तेथे वेगाची मर्यादा ताशी 30 किलोमीटर असावी, असा ठराव 2020 साली स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने केला. उद्यानाच्या दारासमोरच्या दोनतीनशे मीटरांपुरता तो आपण पाळला, तर मोटारीतील गृहस्थाचे अर्ध्या मिनिटाहूनही कमी नुकसान होईल.

हे अर्धे मिनिट कशाच्या बदल्यात मागितले जात आहे, हेही सांगितले पाहिजे. केंद्र शासनाच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी 32,825 पादचारी होती. म्हणजे दररोज सरासरी 90 माणसे केवळ पायी चालत असता प्राणास मुकली. एखाद्या साथीने दररोज एवढे बळी घेतले असते तर विधिमंडळे बसली असती. पण पादचाऱ्याचे मरण एकेकट्याने येते, वेगवेगळ्या चौकांत येते आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपते. आम्हीही त्या चार ओळी छापणाऱ्यांपैकीच आहोत, ही कबुली येथे दिलीच पाहिजे.

न्यायालयाने तर याबाबतीत संदेहास जागाच ठेवलेली नाही. अडथळ्याविना पदपथ वापरण्याचा अधिकार हा राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केले, आणि ते पदपथ अपंगांनाही वापरता आले पाहिजेत असे बजावले. आजवर पदपथ ही महानगरपालिकेने नागरिकांवर केलेली मेहेरबानी मानली जात असे. आता तो हक्क आहे. मेहेरबानीबद्दल आभार मानावयाचे असतात; हक्काबद्दल जाब विचारावयाचा असतो.

मग अडते कोठे? आमच्या मते ते अडते वाहने उभी करण्याच्या प्रश्नावर. 2018 साली महानगरपालिकेने पार्किंगचे धोरण संमत केले. मूळ प्रस्तावाला बराच विरोध झाल्याने ते काटछाट होऊन आले आणि आरंभी पाच रस्त्यांवर प्रयोग करावा असे ठरले. तो प्रयोगही पुढे वर्षानुवर्षे कागदावरच राहिला. सार्वजनिक जागेवर खाजगी वाहन तासन् तास फुकट उभे करणे हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे, अशी समजूत या शहरात इतकी रुजली आहे की तिला धक्का लावण्याचे धैर्य कोणत्याही पक्षाला झाले नाही. दुकानदार म्हणतात, गाड्या हटविल्या तर गिऱ्हाईक हटेल. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. धंद्यावर पोट असणाऱ्या माणसाची भीती समजून घेतलीच पाहिजे. परंतु दुकानासमोर सकाळी उभी राहिलेली आणि रात्री हललेली मोटार ही एका गिऱ्हाइकाची जागा दिवसभर अडवून बसते. शुल्क लावले तर त्याच जागेत दिवसात आठदहा गिऱ्हाइके येऊन जातील. मोफत जागेचा खरा तोटा दुकानदारालाच होतो, हे त्याला हिशेबाने पटवून देणे हे लोकप्रतिनिधींचे काम आहे.

पथारीवाल्यांबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण पदपथाची चर्चा निघाली की सर्व दोष त्यांच्याच माथी मारण्याची सुशिक्षितांची रीत आहे. उद्यानाच्या दारात फुगेवाला आणि भेळवाला नसेल, तर ते उद्यान मुलांना आपले वाटणार नाही. 2014 च्या कायद्याने पथविक्रेत्यांची पाहणी करणे, त्यांना जागा नेमून देणे आणि त्यासाठी नगर पथविक्रेता समिती नेमणे हे बंधनकारक केले आहे. 1.8 मीटरची वाट मोकळी ठेवून उरलेल्या रुंदीत त्यांना आखीव जागा देणे मुळीच अशक्य नाही. आज त्याला जागा नेमलेली नसते म्हणून तो वाट अडवितो, आणि वाट अडवितो म्हणून गाडी येऊन त्याचा माल उचलून नेते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेथेच असतो. या खेळात पादचाऱ्याचेही भले होत नाही आणि विक्रेत्याचेही होत नाही.

2021 पासून महानगरपालिका 11 डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर वाहने बंद असतात आणि एरवी जीव मुठीत धरून चालणारे पुणेकर रस्त्याच्या मधोमध ऐटीत चालतात. हा उपक्रम आम्हांस आवडतो. पण एका दिवसाचा मान देऊन 364 दिवसांची उपेक्षा भरून निघत नाही. बैलालासुद्धा पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी मिळते. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू असतेच.

या सर्व विवेचनाचे सार एका प्रश्नात सांगता येईल : संभाजी उद्यानासमोरच्या पदपथाला जबाबदार कोण? कुंपणाच्या आतील भाग उद्यान विभागाचा, बाहेरची फरशी पथ विभागाची, फरशीवरचा अडथळा अतिक्रमण विभागाचा, त्यावर चढलेली दुचाकी वाहतूक पोलिसांची, आणि तक्रार घेऊन जावयाचे ते क्षेत्रीय कार्यालयात. प्रत्येकाची हद्द जेथे संपते तेथेच पादचाऱ्याचे पाऊल पडते. 2022 साली नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर पुढे अनेक वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात विचारावयाचे कोणाला, हाही प्रश्न होता. ती सबब यापुढे चालणार नाही.

आमची सूचना अशी आहे. शहरातील सर्व उद्यानांच्या दारापासून चहूकडे किमान पाचशे मीटरचा भाग हा उद्यानाचाच भाग मानावा आणि त्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर, नावानिशी, सोपवावी. त्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक उद्यानाच्या दारावर लावावा. दर तीन महिन्यांनी एक वृद्ध, एक अपंग आणि एक शाळकरी मूल यांना बरोबर घेऊन त्याने तो भाग स्वतः पायी फिरावा, आणि जेथे त्यांना पदपथ सोडून खाली उतरावे लागले ती प्रत्येक जागा नोंदवून प्रसिद्ध करावी. पार्किंगचे शुल्क आकारून येणारे उत्पन्न त्याच परिसराच्या निगराणीसाठी राखून ठेवावे. आरंभ संभाजी उद्यानापासून करावा, कारण तेथे बांधकाम झालेले आहे आणि केवळ शिस्त आणावयाची आहे. तेथे साधले तर सारसबाग, पु. ल. देशपांडे उद्यान, कमला नेहरू उद्यान अशा क्रमाने पुढे जाता येईल. तेथेही साधले नाही, तर नव्या पदपथांवर पैसा खर्च करण्यात अर्थ नाही, हे तरी कळेल.

शेवटी एक शब्द वाचकांसाठी. सकाळी आरोग्यासाठी चालावयास म्हणून उद्यानापर्यंत मोटारीने येणारे, आणि ती मोटार पदपथाला खेटून उभी करून आत पाच फेऱ्या मारणारे सद्गृहस्थ आपल्यातलेच आहेत. घाईच्या वेळी पदपथावर चढलेल्या दुचाकीवर आपलाच मुलगा किंवा मुलगी असते, आणि घरी आल्यावर आपण त्यांना एका शब्दाने विचारीत नाही. महानगरपालिकेला जाब विचारण्याचा अधिकार आम्ही वर सांगितला. तो वापरण्यापूर्वी हा दुसरा जाब घरात विचारला जावा, अशी आमची अपेक्षा आहे.

खाजगी कंपनीने जंगली महाराज रस्त्याला दहा वर्षांची हमी दिली आणि ती पाळली. आता त्याच रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाला तशीच हमी महानगरपालिकेने द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे. पुढील दहा वर्षे संभाजी उद्यानाच्या दारापर्यंत कोणालाही पदपथावरून खाली उतरावे लागणार नाही, असे तिने लेखी सांगावे. ते पाळले जाते की नाही हे पाहावयास आम्ही आहोत, आणि रोज संध्याकाळी नातवाचे बोट धरून त्या वाटेने येणारे आजोबाही आहेत.